वाचकांचे प्रश्न : बाठा असलेल्या फळाचं नाव

प्रश्न : माझी नात अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आंब्याला ‘ड्रूप’ म्हटलं आहे. याला मराठीत काय म्हणतात आणि मुळात हा शब्द आला कुठून? आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरचे एक गृहस्थ ठासून सांगतात, की हा संस्कृत ‘द्रुफल’चाच अपभ्रंश आहे आणि इंग्रजांनी तो इथून नेला. खरं काय? — एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : ताई, आधी फळ पाहू आणि मग शब्दाकडे वळू. फळ हातात नसताना नुसता शब्द शिकवला की मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हे सतत पाहिलं आहे.

मे महिना सरत आला की आमच्या ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात लोणच्याच्या कैऱ्यांचे ढीग लागतात. तिथेच कैऱ्या फोडून देणारी माणसं मोठा अडकित्ता घेऊन बसलेली असतात. तुमच्या वाशीलाही कुठल्याही भाजीबाजारात हेच दिसेल. त्यातली एक फोड नातीच्या हातात द्या आणि तिला बाहेरून आत बघत जायला सांगा. सगळ्यात वर हिरवी साल, तिच्याखाली आंबट गर, आणि गराच्या आतल्या कडेला एक पांढरट, कडक पट्टी. ही पट्टी म्हणजे बाठा. लोणचं घालणारी बाई फोडीला बाठा असायलाच हवा असा आग्रह धरते, कारण त्याच्यामुळे फोड वर्षभर टिकून राहते, विरघळत नाही. बाठ्याच्या आत जी मऊ, गुळगुळीत कोय असते ती मात्र आपण काढून टाकतो.

आता महत्त्वाचं. साल, गर आणि बाठा हे तिन्ही फळाचेच थर आहेत. फुलातलं अंडाशय वाढून फळ होतं, त्या अंडाशयाच्या भिंतीचे हे तीन भाग. पुस्तकात त्यांना बाह्यकवच, मध्यकवच आणि अंतःकवच म्हणतात. कोय ही बी. ती अंडाशयातल्या बीजांडापासून होते. म्हणजे बाठा हा बीचा भाग नाहीच, तो फळाचा भाग आहे. ज्या फळात हा सगळ्यात आतला थर टणक होतो आणि बीला आपल्या पोटात बंद करून घेतो, ते ड्रूप. सगळी व्याख्या एवढीच. बोलताना काही घरांत बाठ्यालाच कोय म्हणतात, आमच्याकडेही म्हणत. त्यात वावगं काही नाही. फक्त नातीला वर्गात दोन्ही वेगळं सांगता यायला हवं.

मराठीत याला ‘अश्मगर्भी फळ’ म्हणतात. अश्म म्हणजे दगड; ज्याच्या गर्भात दगड आहे असं फळ. शब्द नेमका आहे, मला आवडतो. तोंडात बसायला जड वाटला तर ‘बाठ्याचं फळ’ म्हणा, अर्थ तोच.

गंमत अशी, की मराठी नावात दगड आहे, तसा ‘ड्रूप’ या शब्दात दगड कुठेच नाही. त्यात बाठाही नाही. त्यात आहे ते पिकणं.

हा शब्द लॅटिनमधल्या ‘द्रुपा’ किंवा ‘द्रुप्पा’वरून आला. रोमन लोक हा शब्द फक्त ऑलिव्हसाठी वापरत, आणि तोही एका ठरावीक अवस्थेतल्या ऑलिव्हसाठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी ऑलिव्ह कधी उतरवावं ते सांगतो. भरपूर तेल हवं आणि ते चांगलंही हवं, तर फळ काळं पडायला लागलं की तोडावं, असं त्याचं म्हणणं. या वेळच्या फळाला आमचे लोक ‘द्रुप्पा’ म्हणतात आणि ग्रीक लोक ‘द्र्युपेटिस’ म्हणतात, असंही तो नोंदवतो. म्हणजे शब्द ग्रीकांकडून रोमनांकडे आला. ग्रीकमध्ये ‘द्र्युपेपेस’ असा एक जोडशब्द आहे. ‘द्र्युस’ म्हणजे झाड, विशेषकरून ओकचं झाड. आणि ‘पेप’ हा भाग पिकण्याचा. झाडावर पिकलेलं, असा त्याचा अर्थ. बहुतेक व्युत्पत्तिकोश ‘द्रुप्पा’चा संबंध याच शब्दाशी जोडतात. त्याच्याच शेजारी ग्रीकमध्ये ‘द्र्युपेटेस’ असंही एक रूप सापडतं, त्याचा अर्थ झाडावरून गळून पडायच्या बेतात आलेलं.

इथे कोकणातल्या किंवा देशावरच्या कुठल्याही आंबेवाल्याला ओळखीचं काहीतरी ऐकू येईल. आपण ‘पाडाचा आंबा’ म्हणतो. झाडाला पाड लागला, फळ पाडाला आलं, म्हणजे ते झाडावरच पिकायला लागलं, आता उतरवलं नाही तर आपोआप खाली येईल. ‘पाड’ म्हणताना कानाला ‘पडणं’ही ऐकू येतं. ग्रीक शेतकऱ्याने ऑलिव्हखाली उभं राहून जे पाहिलं आणि ज्याला नाव दिलं, तेच आपल्या माणसाने आंब्याखाली उभं राहून पाहिलं. म्हणून तुमच्या नातीला कुणी ‘द्रुप्पा’चा मराठी अर्थ विचारला तर तिने बेधडक ‘पाडाचं फळ’ असं सांगावं.

मग पिकण्याचं नाव बाठ्याच्या फळाला कसं लागलं? ते काम स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याचं. १७५१ साली त्याचा ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ हा ग्रंथ आला. वनस्पतींचे अवयव कोणत्या शब्दांत सांगायचे याची शिस्त त्याने त्यात घालून दिली. फळांचे आठ प्रकार केले: बोंड, शेंग वगैरे. त्यातल्या एकाला त्याने ‘द्रुपा’ म्हटलं. दळदार, आपोआप न उकलणारं आणि पोटात कठीण कवचाची बी असलेलं फळ, अशी त्याची खूण. ऑलिव्ह स्वतः बाठ्याचं फळ आहेच, तेव्हा जुना शब्द हाताशी होता. लिनियसने त्याचा पिकण्याशी असलेला संबंध सोडला आणि रचनेशी जोडला. इंग्रजीत ‘ड्रूप’ दिसायला लागतो तो त्यानंतर लगेच, १७५३च्या सुमारास. त्याच १७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात लिनियसने आपल्या आंब्याला ‘मँगिफेरा इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिलं.

त्यामुळे आज हिरवीगार कैरी, अगदी मोहोर गळून नुकती धरलेली बाळकैरीसुद्धा, शास्त्राच्या भाषेत ड्रूपच. बाळकैरीत बाठा अजून धरलेलाही नसतो, सुरीने सहज कापला जातो. पण तो पुढे धरणार, म्हणून ती ड्रूप. शब्दाच्या जुन्या अर्थाने मात्र ती ‘द्रुप्पा’ मुळीच नाही.

आता कट्ट्यावरच्या गृहस्थांचा मुद्दा. हा शब्द संस्कृतातून इंग्रजीत गेलेला नाही. त्याची वाट लेखी पुराव्यानिशी दिसते: ग्रीक, मग लॅटिन, मग लिनियस, मग इंग्रजी. या वाटेवर भारत कुठे लागत नाही. पण ‘द्रु’चा संबंध त्यांना जाणवला, तो त्यांचा कान खरा आहे. ते त्यांना जरूर सांगा, कारण पुढची हकीकत त्यांच्या दाव्यापेक्षाही मोठी आहे.

संस्कृतात ‘द्रु’ म्हणजे लाकूड, झाड. त्यावरून द्रुम. ‘दारु’ म्हणजेही लाकूड, म्हणून देवदार, दारुहळद. ग्रीक ‘द्र्युस’ आणि इंग्रजी ‘ट्री’ हे याच घराण्यातले. दुसरा भाग पिकण्याचा. संस्कृत ‘पच्’ धातू, त्यावरून पचन, पक्व, पक्वान्न, आणि आपलं रोजचं ‘पिकणं’, ‘पीक’, ‘पिकलं पान’. ग्रीकमध्ये याच धातूचं ‘पेपोन’ होतं, म्हणजे पिकलेलं. आपल्या ‘क’च्या जागी ग्रीकमध्ये ‘प’ कसा, असं गृहस्थ विचारतील. ते अपघाताने होत नाही, नियमाने होतं. दोघांपैकी कोण, याला संस्कृतात ‘कतर’ म्हणतात आणि ग्रीकमध्ये ‘पोटेरोस’. तसंच ‘पक्व’ आणि ‘पेपोन’. म्हणजे ‘द्र्युपेपेस’चे दोन तुकडे संस्कृतात ठेवले तर ‘द्रु’ आणि ‘पक्व’ अगदी जागच्या जागी बसतात.

ही भाषांची चुलत भावंडं आहेत. एकाने दुसऱ्याच्या घरातून काही उचललेलं नाही, दोघांचं आजोळ एक. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत नेमकं हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आज उरलेलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. ‘आमच्याकडून नेलं’ म्हटलं की शब्द एका दमात संपतो. एका मुळाच्या दोन फांद्या म्हणून पाहिलं तर मात्र तो आपल्याला ऑलिव्हच्या बागेपर्यंत नेतो आणि परत आपल्या आमराईत आणून सोडतो.

जाता जाता नातीला आणखी दोन नातेवाईक दाखवा. पिकल्यावरच खायच्या मोठ्या खरबुजासारख्या फळाला ग्रीक लोक ‘पेपोन’ म्हणत. तोच शब्द फिरत फिरत इंग्रजीत ‘पंपकिन’ झाला, आणि भोपळा, काकडी, कलिंगड यांच्या फळप्रकाराला वनस्पतिशास्त्रात आजही ‘पेपो’ म्हणतात. दुसरा ‘अॅप्रिकॉट’, म्हणजे जर्दाळू. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘प्रेकॉक्स’ आहे, लवकर पिकणारा. त्यातला ‘कॉक्स’ही ‘पच्’चाच भाऊबंद. आणि जर्दाळू स्वतः बाठ्याचंच फळ.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पाडाचा विषय निघालाच आहे तर सांगते. बरेच वाचक मला विचारतात, की झाडावर पूर्ण पिकलेला हापूस बाजारात का मिळत नाही, व्यापारी आपल्याला फसवतात का? नाही. हापूस झाडावर पूर्ण पिकू दिला तर त्यात साका होण्याचा धोका वाढतो. वरून फळ सुंदर दिसतं आणि कापल्यावर आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस निघतो, तोच साका. म्हणून कोकणातले बागायतदार ‘चौदा आणे तयार’ झालेला आंबा झेल्याने, देठासकट उतरवतात आणि पेंढ्याच्या आढीत पिकवतात. आंबा तोडल्यानंतरही पिकत राहतो, कारण तो स्वतःच इथिलीन वायू तयार करतो आणि त्या वायूने पिकण्याची क्रिया पुढे जाते. आढीत ही ऊब आणि हा वायू कोंडला जातो. इथिलीनच्या खोलीत आंबा पिकवायला कायद्याने परवानगी आहे, १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, मर्यादेत. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रायवळ आंब्याची गोष्ट वेगळी. पाडाचा रायवळ झाडाखाली उभं राहून चोखून खावा. ज्यांच्या गावी झाड आहे त्यांनी ते सुख नातवंडांना जरूर द्यावं.

प्रश्न : नारळ हे फळ की बी? आणि खजुराच्या बीला आमच्या घरी आठळी म्हणतात, ती बाठ्याइतकीच टणक असते. म्हणजे खजूरही ड्रूपच ना? — एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नारळ हे ड्रूपच, पण बाजारात आपल्याला तो पुरा दिसत नाही. झाडावरच्या नारळाची हिरवी किंवा पिवळी गुळगुळीत साल हे बाह्यकवच. तिच्याखालचं काथ्याचं जाड सोडण हे मध्यकवच; आंब्यात जिथे गर असतो तिथे इथे काथ्या आहे. करवंटी हे अंतःकवच, म्हणजे नारळाचा बाठा. आतलं खोबरं आणि पाणी बीतलं, कोंबाला पोसण्यासाठी ठेवलेलं अन्न. तेव्हा दुकानातून आपण जो सोललेला नारळ आणतो, त्याचे बाहेरचे दोन थर गेलेले असतात. देवापुढे फुटतो तो बाठा, आणि आपण खातो ती बी. करवंटीचे तीन डोळे पाहिलेत? नारळाच्या फुलातलं अंडाशय तीन भागांचं असतं, त्याची ती खूण. तिन्हींपैकी एकच डोळा मऊ असतो आणि कोंब त्यातूनच बाहेर येतो.

खजुराबद्दल मात्र तुमचा तर्क लागू पडत नाही. बाठा म्हणायचा तर तो फोडल्यावर आत वेगळी बी निघायला हवी. खजुराची आठळी फोडून बघा (बत्त्याने फोडावी लागेल), आत पोकळी नाही, वेगळी कोय नाही. आरपार तीच घट्ट बी. खजुराचं अंतःकवच म्हणजे त्या बीभोवतीचा पातळ, पांढुरका पापुद्रा, जो खाताना कधी कधी दातात अडकतो. आतला थर असा पातळच राहिला, टणक झाला नाही, म्हणून खजूर मृदुफळात जातो, ज्याला इंग्रजीत ‘बेरी’ म्हणतात. जांभूळही तसंच. ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बायका द्रोणातून जांभळं आणि करवंदं विकतात, ती दोन्ही मृदुफळं. एकात बी मोठी आणि एकटी, दुसऱ्यात बारीक आणि अनेक. त्यांच्याच टोपलीत थंडीत बोरं असतात, ती मात्र अश्मगर्भी. बोराची आठळी फोडली की आत चपट्या बिया मिळतात.

टणकपणावरून ठरवू नका, टणक थर कुणाचा आहे ते पाहा. याच कसोटीने मिरी अश्मगर्भी ठरते, कॉफी ठरते, बदामही ठरतो. बदामाचा गर आपल्या वाट्याला येतच नाही, तो झाडावरच सुकून गळतो; कडक कवच हा बाठा आणि आपण भिजवून सोलतो ती बी. भिजवल्यावर निघणारी तपकिरी साल ही बीची साल. ताडगोळाही याच गटातला, पण तो आपण इतका कोवळा खातो, की बाठा धरायच्या आधीच त्यातली पाणीदार बी काढून घेतलेली असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी एक दाट सावलीचं झाड आहे. एका पाटीवर त्याचं नाव ‘पुत्रंजीवा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ड्रायपेटीस’ असं लिहिलंय. बरोबर कोणतं? आणि आमच्या झाडाला फळं का येत नाहीत? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोन्ही नावं एकाच झाडाची. ‘पुत्रंजीवा रॉक्सबर्गी’ हे नाव थेट संस्कृत ‘पुत्रंजीव’वरून घेतलेलं आहे. पूर्वी याच्या बाठ्यांच्या माळा करून लहान मुलांच्या गळ्यात घालत, मूल निरोगी राहावं म्हणून. मधल्या काळात काही शास्त्रज्ञांनी याला ‘ड्रायपेटीस’ या प्रजातीत घातलं, म्हणून दुसरी पाटी. आता पुन्हा ‘पुत्रंजीवा’ वेगळी मानण्याकडे कल आहे, तेव्हा मी तेच नाव लिहीन.

वरचं पहिलं उत्तर वाचलं असेल तर ‘ड्रायपेटीस’ कुठून आलं ते तुम्हाला कळलं असेलच. प्लिनीने नोंदवलेला ग्रीक ‘द्र्युपेटिस’ तो हाच. मात्र ते नाव मुळात या झाडासाठी ठेवलेलं नाही; ते प्रजातीचं आधीचं नाव, आणि हे झाड त्या प्रजातीत मागाहून घातलं गेलं. याची फळंही लहान, लांबट, राखाडी लवेची आणि आत टणक बाठा असलेली.

फळांचं म्हणाल, तर या झाडात नर आणि मादी वेगवेगळी असतात. फळ फक्त मादीला धरतं, आणि त्यासाठी आसपास नर असावा लागतो. तुमचं झाड नर असेल तर त्याला कधीच फळं येणार नाहीत. फुलांच्या दिवसांत एक फांदी वाकवून पाहा. पानांच्या बेचक्यात पिवळसर बारीक फुलांचे दाट झुपके दिसले तर तो नर. फुलं एकेकटी किंवा दोन-तीन आणि मधोमध हिरवी गाठ दिसली तर मादी. मादी निघाली तर जवळपास कुठे एक नर झाड लावता येतं का, ते सोसायटीच्या बैठकीत विचारून बघा.